डावे नेमकं काय म्हणतात? नाशिकमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण चहाला जमतो. एक वकील आहेत, दोन निवृत्त शिक्षक, एक कळवणचा शेतकरी, बाकी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले. मी त्यांतलाच, बावीस वर्षं प्रेस शॉपला होतो. शेजारच्या टेबलावरची मंडळी कान देऊन ऐकतात आणि मग एखादा प्रश्न टाकतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ती माझी आहेत, कुठल्या पक्षाची अधिकृत नाहीत.

डावे म्हणजे कम्युनिस्टच ना?

सगळे कम्युनिस्ट डावे, पण सगळे डावे कम्युनिस्ट नाहीत. शब्द फ्रान्समधला. १७८९ साली तिथल्या सभेत राजाच्या अधिकारांना कात्री लावा म्हणणारे अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसत, एवढंच. आपल्याकडे त्यात दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आले, शेतकरी कामगार पक्ष आला, समाजवादी आले, लाल निशाण पक्ष आला, आणि कुठल्याच पक्षात न मावणारे कितीतरी लोक आले.

नाशिकपुरतं बोलायचं तर दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड घ्या. ते बाबासाहेबांचे सहकारी, कम्युनिस्ट नव्हेत. पण १९६४ च्या डिसेंबरात पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनांना द्या म्हणून त्यांनी जो सत्याग्रह उभा केला, त्यासाठी लाखो माणसं तुरुंगात गेली. त्याला डावं म्हणायचं नाही तर कशाला?

नाशिकमध्ये डावे उरलेत कुठे? निवडणुकीत तर दिसत नाहीत.

शहरात फारसे दिसत नाहीत, खरं आहे. सुरगाण्याला, पेठला, कळवणला जाऊन बघा. जे. पी. गावित माकपच्या, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या, तिकिटावर तिथून सात वेळा आमदार झाले.

आणि ६ मार्च २०१८ ज्यांनी पाहिलाय, ते हा प्रश्न विचारत नाहीत. त्या दिवशी दुपारी सीबीएस चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा मुंबईला निघाला. अंतर सुमारे १८० किलोमीटर. बहुतेक आदिवासी, त्यात बायका पुष्कळ. कसारा घाट उतरेपर्यंत निम्म्यांच्या चपला तुटल्या होत्या आणि तळपायांची सालं निघाली होती. मुंबईच्या वेशीवर ११ तारखेला संध्याकाळी पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांना गाड्या मिळाव्यात म्हणून हे लोक रात्रीच पुन्हा चालायला लागले आणि पहाटे आझाद मैदानात जाऊन बसले. तोवर मोर्चेकऱ्यांचा आकडा चाळीस-पन्नास हजारांवर गेला होता. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं.

मागणी काय होती? कर्जमाफी होती, स्वामिनाथन आयोगाने सुचवलेला हमीभाव होता, पण गाभा होता वनजमिनीचा. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी ती जमीन कसतोय, त्याला चार हेक्टरपर्यंत ती नावावर मिळावी, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून व्हावी. कायदा इतका सरळ. प्रत्यक्षात दावे फेटाळले जातात, नाहीतर दोन एकर कसणाऱ्याच्या हातात दहा गुंठ्यांचा कागद ठेवतात. म्हणून २०१९ ला पुन्हा निघावं लागलं, आणि २०२३ ला दिंडोरीहून परत. त्या वेळी मोर्चा वाशिंदला थांबला. एकाच कायद्यासाठी तीनदा पायी निघावं लागतं, तेव्हा कायदा करणं सोपं काम होतं असं वाटायला लागतं.

कांद्याचा आणि परराष्ट्र धोरणाचा संबंध काय?

लासलगावच्या लिलावात उभे राहा, सगळा समजेल. क्रम आठवा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थेट बंदी. मार्चअखेर उठेल म्हणाले, मग मुदत वाढवली. मधेच एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि आपल्याकडे चाळीत कांद्याला कोंब फुटत होते. त्या दिवसांत चांदवडच्या माणसाशी बोलायची सोय नव्हती. शेवटी ४ मे ला बंदी उठली, तीही ५५० डॉलरच्या अटीवर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे ला दिंडोरीत मतदान झालं आणि केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

आता यातलं परराष्ट्र धोरण कुठलं? बांगलादेश हा आपला मोठा गिऱ्हाईक. आपण अचानक दार लावलं की ते पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून घेतात आणि हळूहळू स्वतः पिकवायलाही लागतात. त्यांनी आपल्या फळांवरचं आयात शुल्क वाढवलं की निफाडच्या द्राक्षबागेत भाव पडतो. तांबड्या समुद्रात येमेनमधून जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं जास्त, आणि द्राक्ष काही थांबत नाही. येमेन कुठे आहे हे पिंपळगावच्या बागायतदाराला नकाशा न बघता कळलं.

इथे डाव्यांचीही गोची आहे, ती लपवत नाही. सातपूरच्या हेल्परला कांदा वीस रुपयांना हवा आणि येवल्याच्या शेतकऱ्याला तीस मिळायला हवेत. दोघंही आपलेच. शरद जोशींची शेतकरी संघटना म्हणायची, सरकारने बाजारातून हात काढावा, भाव आपोआप मिळेल. डावे म्हणतात, सरकारने हात काढू नये, खिसा उघडावा: शेतकऱ्याकडून परवडेल त्या भावाने घ्यावं आणि रेशनवर स्वस्त विकावं. मधला फरक तिजोरीतून. ऐकायला छान. पण सरकारी खरेदीत काय चालतं हे ज्याने पाहिलंय, तो लगेच टाळी देत नाही. आमच्या टेबलावर यावरून दर उन्हाळ्यात भांडण होतं आणि कळवणकर दर वेळी जिंकतात.

तुम्हाला गाझाचीच का पडलीय? इथले प्रश्न संपले का?

हे उच्च न्यायालयानेही विचारलं. जुलै २०२५ मध्ये माकपला आझाद मैदानात गाझासाठी निदर्शनं करायची होती, पोलिसांनी नाकारलं, पक्ष मुंबई उच्च न्यायालयात गेला. खंडपीठाने याचिका तर फेटाळलीच, वर आपल्या देशातले प्रश्न बघा, असा उपदेशही केला. पुढे ऑगस्टमध्ये निदर्शनांना परवानगी मिळाली. माझ्यासाठी मुद्दा तिथेच आहे. कुठल्या विषयाचं दुःख करावं हे नागरिकाने ठरवायचं की परवानगी देणाऱ्याने?

दुसरं, हा विषय परका नाही. १९७४ मध्ये पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला मान्यता देणारं पहिलं बिगर-अरब सरकार आपलं. १९८८ ला पॅलेस्टाईन राष्ट्रालाही आपण मान्यता दिली. इस्रायलशी राजदूत पातळीवरचे संबंध १९९२ ला सुरू झाले. आणि १२ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर १४९ देशांनी होकार दिला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. सप्टेंबरात मात्र दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या बाजूने मत दिलं. डाव्यांचं म्हणणं, हे हेलकावे कोणाच्या हिशेबाने होतात ते संसदेत सांगा.

तिसरं, आपले गवंडी आणि फिटर तिथे जातात. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले, त्या जागी भारतातून भरती झाली; सप्टेंबर २०२४ मध्ये तर पुण्यातच चाचण्या झाल्या. पगार भरपूर. डाव्या कामगार संघटनांनी विरोध केला. पण घरात दोन पोरं बेकार असलेल्या बापाला तो विरोध कसा समजावायचा, हे मला अजून जमलेलं नाही.

अमेरिकेवर ओरडता, मग रशिया-चीनच्या वेळी आवाज का बसतो?

बसतो. १९५६ ला हंगेरीत आणि १९६८ ला प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, तेव्हा इथल्या बहुतेक कम्युनिस्टांनी कारणं शोधली. १९८९ ला बीजिंगच्या चौकात विद्यार्थी मारले गेले, तेव्हाही. युक्रेनवर बोलताना ‘नाटो’ची पूर्वेकडची चाल आधी येते आणि रशियाचा हल्ला नंतर, दबक्या आवाजात.

अमेरिकेच्या बाबतीत मात्र धार कायम. २००८ च्या जुलैमध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी मनमोहन सिंग सरकारचा साठेक खासदारांचा पाठिंबा काढून घेतला. धोरण म्हणून समजू शकतो. पण त्याच पाठिंब्याच्या जोरावर रोजगार हमी, माहितीचा अधिकार आणि वनहक्क हे तीन कायदे पदरात पडले होते, आणि सुरगाण्याच्या माणसाला अणुकरारापेक्षा ते जवळचे होते. ती जागा पुन्हा मिळाली नाही.

ओझरला लढाऊ विमानं बनतात. युद्ध नको म्हणणारे तिथल्या कामगाराला काय सांगणार?

तिथल्या युनियनमध्येही डावे राहिलेत, त्यांना विचारा! ओझरचा कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी सोव्हिएत मदतीने उभा राहिला. मग सुखोई, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथून पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. डाव्यांचा विरोध कारखान्याला नाही, शस्त्रधंदा खासगी नफ्याच्या हाती देण्याला आहे. १२६ राफेलच्या जुन्या योजनेत १०८ विमानं हिंदुस्थान एरोनॉटिक्स बनवणार होतं. २०१५ मध्ये ती योजना जाऊन ३६ तयार विमानं घ्यायचं ठरलं. यावर बोललं की ओझरची माणसं मान डोलावतात. युद्ध नको म्हटलं की चहा मागवतात.

जनसुरक्षा कायद्याला एवढा विरोध का? नक्षलवाद्यांसाठीच आहे ना?

सरकारचं म्हणणं आधी सांगतो. शहरांत नक्षलवाद्यांना पैसा, आसरा आणि माणसं पुरवणाऱ्या संघटना आहेत, त्यांना आवरायला हत्यार हवं. छत्तीसगड, तेलंगणात असे कायदे आधीच आहेत. २०२४ मध्ये विधेयक आलं, संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. विधानसभेत उघड विरोध नोंदवणारा आवाज एकच होता, डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले. बाकी विरोधी पक्ष काय करत होते, हे त्यांनाच विचारा.

समितीने एक बदल केला. मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ होतं, तिथे ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटना आल्या. म्हणजे गुन्हा काय, याआधी विचार कुठला हे कायद्यात लिहिलं गेलं. कडवं कोणी ठरवायचं? सरकारने. एखादी संघटना बेकायदा ठरली की तिचा सदस्य असणं, वर्गणी देणं, बैठकीला जाणं, सगळं गुन्ह्यात येऊ शकतं. शिक्षा दोन ते सात वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. खून-बॉम्बसाठी यूएपीए, म्हणजे केंद्राचा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, आधीपासून आहेच.

‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दाची व्याख्या वाचताना मी एका जागी अडकलो. प्रस्थापित कायदा न पाळण्याची शिकवण देणं, हेही त्यात बसतं. आता पंचवटीत जा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरासमोर जे हजारो लोक बसले, ते काय शिकवत होते? मनाई हुकूम होते, रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, दादासाहेब गायकवाडांनी पुढे कित्येक वर्षं तो सत्याग्रह रेटला. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आज त्या सगळ्याचे पुतळे आहेत, शासकीय कार्यक्रम होतात.

आणि ज्यांना वाटतं असे कायदे डाव्यांपुरतेच असतात, त्यांनी सावरकरांच्या भगूरकडे बघावं. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. ते काही डावे नव्हते.

पण निर्दोष असेल तर सुटेलच की?

सुटेल. किती वर्षांनी, हा प्रश्न आहे. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान आणि अटक झालेले नऊ जणही मुसलमान, मोक्का आणि यूएपीएखाली. बहुतेकांना जामीन मिळाला तो २०११ च्या नोव्हेंबरात. २०१६ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. नऊपैकी एक जण तोवर वारला होता. मग स्फोट केले कोणी? वीस वर्षं होत आली, मालेगावला उत्तर मिळालेलं नाही. २००८ च्या दुसऱ्या स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. तिथे आरोपी दुसऱ्या बाजूचे, पण स्फोटात जी माणसं गेली त्यांच्या घरच्यांच्या हातात आज तेवढंच: काहीच नाही.

यूएपीएची मेख कलम ४३-ड(५) मध्ये आहे. पोलिसांचे कागद वाचून आरोप वरवर खरे वाटले, तर न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. भीमा-कोरेगाव प्रकरणात १६ जणांना धरलं. त्यांतले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, कंपवाताने हातात पेला धरता येत नव्हता. ५ जुलै २०२१ ला ते कोठडीतच गेले. खटला उभाही राहिला नव्हता.

डावे सत्तेत असतात तेव्हा कुठे जातं हे स्वातंत्र्य?

हा प्रश्न विचारणाऱ्याला चहा आमच्याकडून. १४ मार्च २००७, नंदीग्राम, डाव्या आघाडीचं सरकार, पोलीस गोळीबार, १४ मृत्यू. जमीन वाचवायला उभे राहिलेले शेतकरीच होते ते. केरळात २०१९ मध्ये माकपच्याच दोन पोरांवर डाव्या सरकारच्या पोलिसांनी यूएपीए लावला. २०२० मध्ये तिथेच समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी तुरुंगाची तरतूद करणारा अध्यादेश आला; एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

आणीबाणीचंही सांगतो. भाकपने, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाने, तिला पाठिंबा दिला, माकपने विरोध केला. भाकपने १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात चूक कबूल केली. कबूल केली हे बरं. पण नाशिकरोडच्या तुरुंगात एकोणीस महिने काढलेल्या माणसाला ते सांगून बघा.

गंमत अशी की या देशात स्वातंत्र्याच्या कायद्याची पहिली मोठी लढाई एका कम्युनिस्टाच्या नावावर आहे. ए. के. गोपालन यांना खटल्याविना डांबलं, १९५० मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले. त्या निकालातला संकुचित विचार न्यायालयाला १९७८ मध्ये मनेका गांधींच्या खटल्यात सोडावा लागला.

कामगार संहिता आल्या, त्याने काय बिघडलं?

२९ कायद्यांच्या ४ संहिता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. चांगलं काय? नेमणूकपत्र सक्तीचं झालं, ते हवंच होतं. वाईट? कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी आधी शंभर कामगारांवर लागायची, आता तीनशेवर. अंबडमध्ये गाडी घेऊन फिरा आणि तीनशे कायम कामगार असलेले कारखाने मोजा. संपाला चौदा दिवसांची नोटीस सगळीकडेच. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप.

मी ज्या कारखान्यात होतो (नाव नको) तिथे दोन बोटं गेलेल्या हेल्परची नोंदच नव्हती. ठेकेदार म्हणाला, आमचा नाही. कंपनीही तेच म्हणाली. चार दिवस गेट बंद पाडलं, तेव्हा कुठे तो ‘आमचा’ झाला. चौदा दिवसांची नोटीस देऊन ते कसं केलं असतं, हा विचार अधूनमधून येतो.

डाव्यांचा विकासालाच विरोध असतो, नाही का?

तपोवनातली अठराशेच्या आसपास झाडं सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी जाणार अशी नोटीस २०२५ च्या नोव्हेंबरात निघाली, तेव्हा विरोधाला उतरलेल्यांत भजनी मंडळवाले होते, कॉलेजची पोरं होती, नट होते. लाल बावटा एका कोपऱ्यात होता. सिंहस्थ नको असं कोणीच म्हणत नव्हतं. बास, एवढंच उत्तर.

मोर्चाला आलो तर गुन्हा दाखल होईल?

बहुतेक वेळा नाही. तरी वकीलसाहेबांनी लिहून दिलेलं देतो.

शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) चे मनाई आदेश अधूनमधून निघतच असतात. पाच किंवा जास्त जण जमायचे तर परवानगी लागते. अर्ज आयोजकाने आधीच द्यावा आणि पोचशिक्का मारलेली प्रत खिशात ठेवावी.

आदल्या दिवशी घरी ‘१४९ ची नोटीस’ येऊ शकते. नव्या कायद्यात ती १६८ झाली, पण हवालदारही जुन्याच नावाने सांगतो. ती अटक नसते, समज असते. वाचून सही करा, प्रत मागा, तारीख टाका.

ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडणं हा नेहमीचा प्रकार. खरी अटक झाली तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेलंच पाहिजे, हे संविधानाचं कलम २२. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस देणं अपेक्षित असतं. अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, संकोच करू नका.

फोन घरी ठेवायचा की नाही यावर आमचं एकमत नाही. पाण्याची बाटली, बीपीची गोळी मात्र सोबत घ्या आणि जुन्या, मळलेल्या चपला घाला. नव्या चपला कसाऱ्याच्या अलीकडेच चावायला लागतात.